दूरस्थ वैद्य आणि रुग्णांचा कौल



दूरच्या वैद्याचा सल्ला घेण्याची कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. १९३५ साली रोम शहरात एक संस्था स्थापन झाली. भर समुद्रात एखादा खलाशी आजारी पडावा, जहाजावर डॉक्टर नसावा, अशा वेळी कप्तानाने बिनतारी यंत्राने लक्षणे कळवावीत आणि रोममध्ये बसलेल्या डॉक्टरांनी त्याच मार्गाने उपचार सांगावेत, हे तिचे कार्य. बिनतारी विद्येचे प्रवर्तक मार्कोनी तिचे पहिले अध्यक्ष होते. ज्या लहरींवरून गाणी आणि बातम्या घरोघर पोहोचत, त्यांच्यावरूनच औषधयोजनाही समुद्रापार जाऊ लागली. त्या खलाशापुढे निवडीचा प्रश्न नव्हता. रोमहून जो आवाज येईल तोच त्याचा वैद्य.

आज तसे राहिलेले नाही. हातातल्या फोनवर बोट फिरवताच शेकडो डॉक्टरांची नावे समोर येतात. चेहरा अनोळखी, दवाखाना न पाहिलेला, शेजारपाजारी कोणी त्यांच्याकडे गेलेले नाही. मग यांतील कोणाच्या हाती आपले दुखणे सोपवावे? या पेचातून सुटण्यासाठी प्रत्येक नावाखाली पाच चांदण्या मांडलेल्या असतात. पूर्वीच्या रुग्णांनी दिलेल्या गुणांवरून त्यांतील किती उजळायच्या हे ठरते. एखाद्या नावापुढे साडेचार चांदण्या, एखाद्यापुढे तीन. आपण साडेचारांकडे वळतो, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु या चांदण्या नेमके काय सांगतात? त्या वैद्यकाचा दर्जा सांगतात, की आणखी काही? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न किरकोळ नाही, हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. आपल्या देशात दूरवैद्यकाला, म्हणजे ज्याला आपण टेलिमेडिसिन म्हणतो त्याला, स्पष्ट नियमांची चौकट लाभली ती २५ मार्च २०२० रोजी. महामारीची टाळेबंदी नुकतीच सुरू झाली होती. केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून नोंदणीकृत डॉक्टरांना चित्रफोन, साधा फोन किंवा लेखी संदेश यांच्याद्वारे सल्ला देण्याची रीत घालून दिली. 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, आरोग्य केंद्रांतून सुरू झाली होती. एप्रिल २०२० पासून ती घरबसल्याही मिळू लागली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारे दिलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. खासगी कंपन्यांच्या सेवा याहून वेगळ्या. इतक्या लोकांचे आरोग्य ज्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, तिची पारख कशी करावी हा सर्वांच्याच हिताचा प्रश्न आहे.

प्रथम 'दर्जा' या शब्दाचाच अर्थ पाहू. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक आव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली एका निबंधात वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे तीन बाजूंनी परीक्षण करावे असे सुचवले. पहिली बाजू रचनेची: डॉक्टर शिकलेला आहे काय, साधने आहेत काय. दुसरी प्रक्रियेची: योग्य प्रश्न विचारले काय, योग्य तपासण्या केल्या काय, औषध शास्त्राला धरून दिले काय. तिसरी फलिताची: रुग्ण बरा झाला काय, त्याला अपाय झाला काय. सुमारे ६० वर्षे लोटली, तरी ही विभागणी आजही जगभर प्रमाण मानली जाते.

आता रुग्णाला यांतले काय दिसते? डॉक्टर वेळेवर आला हे दिसते. त्याने शांतपणे ऐकून घेतले हे दिसते. त्याची भाषा समजली की नाही, आवाज तुटत होता की नाही, पैसे किती घेतले, हेही दिसते. परंतु पोटदुखीचे सहा संभव असताना डॉक्टरांनी त्यांतील दोन विचारातच घेतले नाहीत, ही गोष्ट रुग्णाला दिसू शकत नाही. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याची उणीव कशी जाणवावी? नवे घर पाहावयास गेलेल्या माणसाला भिंतीचा रंग दिसतो, खिडक्यांतून येणारा वारा जाणवतो, पण पाया किती खोल घातला आहे हे कळत नाही. त्याचप्रमाणे वैद्यकाचा पाया रुग्णाच्या दृष्टीआड असतो.

दूरवैद्यकात ही अडचण अधिक गहिरी होते. आपल्या आयुर्वेदाने रोग्याच्या परीक्षेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पडद्यावरच्या भेटीत दर्शन अर्धेमुर्धे राहते आणि स्पर्शन पूर्णपणे नाहीसे होते. पोटावर हात ठेवून कळ कोठे उठते हे पाहता येत नाही, छातीला नळी लावून श्वासाचा आवाज ऐकता येत नाही. उरतो तो प्रश्न. म्हणून चांगला दूरस्थ वैद्य तोच, जो प्रश्न अधिक काळजीने विचारतो आणि आपल्या हाताला न लागलेल्या गोष्टींची जाण ठेवतो. उलट घाईच्या रुग्णाला हीच दक्षता कंटाळवाणी वाटण्याचा संभव असतो.

तथापि रुग्णाचे मत टाकाऊ आहे असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. रोग्याच्या अंगी कोणते गुण असावेत हेही तेथे सांगितले असून त्यांत ज्ञापकत्व हा एक गुण आहे. आपली व्यथा नीट कळवता येणे, हे ज्ञापकत्व. प्राचीनांनी रोग्याला केवळ उपचाराचा विषय मानले नाही, चिकित्सेत त्याच्या सांगण्याला स्थान दिले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. वेदना, भीती, अवहेलना, गोंधळ यांची साक्ष रुग्णावाचून दुसरे कोण देणार?

अर्वाचीन संशोधनही या म्हणण्याला काही प्रमाणात दुजोरा देते. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर रुग्णांनी रुग्णालयांविषयी नोंदवलेले अभिप्राय संशोधकांनी तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, ज्या रुग्णालयांना लोकांनी चांगले म्हटले होते तेथे मृत्यूचे आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण काहीसे कमी होते, आणि जेथील स्वच्छतेची प्रशंसा झाली होती तेथे रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्गही कमी होते. अमेरिकेत २०१६ साली १,३५२ रुग्णालयांविषयीचे १६ हजारांहून अधिक अभिप्राय अभ्यासले गेले. सरकारी प्रश्नावलीत ज्यांचा उल्लेखच नव्हता अशा अनेक बाबी, उदाहरणार्थ खर्चाचा बोजा, कर्मचाऱ्यांचा कनवाळूपणा, लोकांनी आपण होऊन लिहिल्या होत्या.

रुग्णांची वाणी ऐकली नाही तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचे आहे. २००५ ते २००९ या काळात तेथे रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. तहानेने व्याकुळ झालेल्यांना पाणी मिळाले नाही, अंथरुणे मळून राहिली, हाका अनुत्तरित राहिल्या. रुग्णांचे आप्त तक्रारी करीत होते. व्यवस्थापनाचे लक्ष मात्र आर्थिक उद्दिष्टांकडे आणि ठरवून दिलेल्या आकड्यांकडे लागले होते. रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केलेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या न ऐकलेल्या तक्रारींचे मोल सर्वांना उमगले. तेव्हा रुग्णाचा अभिप्राय हा धोक्याचा कंदील होऊ शकतो, यात शंका नाही.

परंतु साक्ष देणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. रुग्ण हा विश्वासार्ह साक्षीदार आहे. पण आपण त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवतो, आणि ज्या गोष्टी त्याने पाहिल्याच नाहीत त्यांविषयीही त्याच्याकडून एका आकड्यात निर्णय मागतो. चांदण्यांच्या पद्धतीतील मूळ दोष हा आहे.

याचे प्रत्यंतर दूरवैद्यकाच्या क्षेत्रातूनच मिळते. इंग्लंडमधील आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या शासकीय आयोगाने इंटरनेटवरून सल्ला देणाऱ्या खासगी सेवांची पाहणी करून मार्च २०१८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. या सेवांपैकी ९७ टक्के सेवा आपुलकीच्या वागणुकीच्या नियमांत उतरल्या होत्या, आणि ९० टक्के लोकांच्या गरजांना तत्परतेने प्रतिसाद देत होत्या. परंतु ४३ टक्के सेवा सुरक्षिततेच्या नियमांत मात्र उतरत नव्हत्या. म्हणजे वागणूक गोड, तत्परता वाखाणण्यासारखी, आणि तरीही औषध देण्याची रीत धोक्याची, असे पुष्कळ ठिकाणी आढळले. चांदण्या प्रायः पहिल्या दोन गुणांना मिळतात. तिसरा गुण अंधारातच राहतो.

याहूनही बोलके उदाहरण प्रतिजैविक औषधांचे आहे. सर्दी, खोकला, घशाची खवखव ही दुखणी बहुधा विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविके जीवाणूंना मारतात, विषाणूंवर त्यांचा काडीइतकाही परिणाम होत नाही. तरीसुद्धा डॉक्टरांनी 'विश्रांती घ्या, पातळ पदार्थ घ्या, आठवड्यात बरे वाटेल' असे सांगितले तर पुष्कळांचे समाधान होत नाही. अमेरिकेतील एका दूरवैद्यक सेवेतील श्वसनमार्गाच्या विकारांच्या ८,४३७ भेटींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश भेटींत डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले होते. ज्यांना प्रतिजैविक मिळाले त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के लोकांनी पाचही चांदण्या दिल्या. ज्यांना दुसरे एखादे औषध मिळाले त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांनी दिल्या. ज्यांना काहीच औषध मिळाले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७२ ते ७३ टक्क्यांवर आले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. श्वसनमार्गाच्या प्रत्येक विकारात प्रतिजैविक गैरच असते असे नाही. काही थोड्या रुग्णांना ते आवश्यक असते. परंतु तिघांपैकी दोघांना त्याची गरज असावी, असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. म्हणजे या बाबतीत चांदण्या योग्य निर्णयाकडे झुकत नसून औषधाच्या चिठ्ठीकडे झुकतात. आणि ज्या डॉक्टरचे नाव यादीत वर राहणे अथवा ज्याच्याकडे पुढचा रुग्ण येणे चांदण्यांवर अवलंबून आहे, त्याच्यापुढे केवढा मोह उभा राहतो, याचा विचार करावा. नको ते औषध लिहून द्यावयास अर्धा मिनिट पुरतो. ते का नको, हे समजावून सांगावयास पाच मिनिटे लागतात, आणि एवढे करून चांदणी गमावण्याचीच भीती.

हानी केवळ त्या एका रुग्णापुरती राहत नाही. अकारण घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जीवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात. अशा औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. एका घरात सर्दीसाठी घेतलेल्या गोळीचे मोल दुसऱ्या घरातील न्यूमोनियाच्या रुग्णाला मोजावे लागते. त्याचा अभिप्राय मात्र पहिल्या डॉक्टरच्या नावाखाली कधीच उमटत नाही.

येथे कोणी म्हणेल, 'पण लोक बरे झाले म्हणूनच चांगले लिहितात ना?' या शंकेचे उत्तर आपल्या एका म्हणीतच आहे: औषधावाचून खोकला गेला. ज्या दुखण्यांसाठी लोक फोनवरून सल्ला घेतात, त्यांतील बरीचशी आपली आपण बरी होणारी असतात. समजा, घसा दुखणारे १०० रुग्ण एका डॉक्टरकडे आले आणि त्यांतील ९५ कोणत्याही उपचाराने, किंबहुना उपचारावाचूनही, आठवड्यात बरे होणारे होते. हे ९५ जण डॉक्टरांचे गुण गातील. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी, तसा हा प्रकार. डॉक्टरांचे कसब खरोखर उरलेल्या पाचांत दिसावयाचे होते. त्यांच्यापैकी कोणाला वेळीच ओळखले आणि कोणाला नाही, हे शंभरांच्या सरासरीत बुडून जाते.

शिवाय अभिप्राय मागण्याची वेळही पाहावी. संभाषण संपते न संपते तोच पडद्यावर चांदण्या उमटतात. औषधाची पहिली मात्राही अजून पोटात गेलेली नसते, निदान बरोबर होते की चूक हे काळालाही ठाऊक नसते, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो. डोनाबेडियन यांनी सांगितलेली तिसरी बाजू, म्हणजे फलित, तिला या निकालात जागाच उरत नाही.

उलट, काही प्रसंगी उत्तम वैद्यक हेच रुग्णाला अप्रिय वाटते. छातीत दुखते म्हणून एखाद्या गृहस्थांनी फोन केला, आणि डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारून सांगितले, 'मी येथून काही औषध देणार नाही, आपण ताबडतोब रुग्णालयात जा.' त्या गृहस्थांना वाटणार, पैसे घेतले आणि काहीच केले नाही. एक चांदणी! वस्तुतः त्या डॉक्टरांनी जे करावयाचे ते नेमके केले. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही दूरसल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हा निर्णय डॉक्टरच्या विवेकावर सोपवला आहे, आणि आणीबाणीच्या प्रसंगी प्रथमोपचाराचा सल्ला देऊन रुग्णाला प्रत्यक्ष उपचाराकडे पाठवावे असे सांगितले आहे. नकार देण्याचे धैर्य हा दूरस्थ वैद्याचा मोठा गुण आहे, आणि चांदण्यांच्या हिशेबात त्याची गणना दोषांत होते.

लिहितो कोण आणि लिहीत नाही कोण, हाही विचार महत्त्वाचा आहे. अत्यंत संतुष्ट किंवा अत्यंत रुष्ट माणूस लेखणी उचलतो. मधला मोठा समुदाय गप्प राहतो. त्यातून आपल्या देशातील स्थिती पाहा. ई-संजीवनीच्या एका पद्धतीत गावच्या आरोग्य केंद्रात रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो आणि दूरच्या केंद्रातील डॉक्टर पडद्यावर दिसतो. तेथे आलेल्या शेतमजूर स्त्रीच्या हातात कदाचित स्वतःचा फोनही नसेल. आपल्या बोलीत डॉक्टरांना काय कळले आणि काय कळले नाही, हे तिला पुष्कळ सांगता येईल, पण ते लिहून घेणारे कोणी नसते. ज्यांना दूरवैद्यकाची गरज सर्वांत अधिक, त्यांचाच आवाज या कौलात सर्वांत क्षीण. आणि जो रुग्ण चुकीच्या सल्ल्याने गंभीर झाला किंवा दगावला, तो तर अभिप्राय लिहावयास येतच नाही.

सरासरी आकड्याचेही एक गणित आहे. एखाद्या डॉक्टरला १० जणांनी पाच-पाच चांदण्या दिल्या आहेत. अकराव्याने रागाने एकच दिली. सरासरी पाचावरून ४.६४ वर येते. दुसऱ्या डॉक्टरला २०० जणांनी पाच-पाच दिल्या असतील, तर तशाच एका रागीट माणसाने त्याची सरासरी केवळ ४.९८ वर येईल. दोघांच्या कसबात काडीचा फरक नसतानाही पडद्यावर एक उंच आणि एक ठेंगणा दिसू लागतो. थोड्या अभिप्रायांवरून दोन डॉक्टरांची तुलना करणे हे चार थेंबांवरून पावसाळ्याचा अंदाज करण्यासारखे आहे.

आणि हे सर्व अभिप्राय खरे आहेत असे गृहीत धरून झाले. खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांचा बाजार आता इतका वाढला आहे की, सरकारांना त्यात लक्ष घालावे लागले. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांचे अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याविषयीचे मानक जाहीर केले. ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत वाढीव गुणांकनासाठी पैसे देण्यास मनाई करणारा नियम घातला होता. मात्र ती संपूर्ण नियमावली त्याच महिन्यात स्थगित करण्यात आली.

चांदण्या आणि वैद्यकीय कसब यांचा प्रत्यक्ष मेळ बसतो काय, हेही पडताळून पाहण्यात आले आहे. लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या आठ शाखांतील ७८ तज्ज्ञांविषयी इंटरनेटवर असलेले गुण, आणि रुग्णालयाने स्वतः मोजलेली त्यांची कार्यक्षमता व सहकारी डॉक्टरांचे मत, यांची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे गुण एकमेकांशी जुळत होते, पण प्रत्यक्ष कामगिरीशी त्यांचा मेळ नव्हता. हे डॉक्टर समोर बसून तपासणारे होते. जेथे वर्षानुवर्षांचा परिचय नाही, प्रत्यक्ष स्पर्श नाही, आणि भेट काही मिनिटांची, तेथे मेळ अधिक चांगला बसेल अशी आशा धरण्यास आधार दिसत नाही.

मग दर्जा मोजावा तरी कसा? याची एक उत्तम रीत म्हणजे बतावणीचे रुग्ण. ठरावीक रोगाची लक्षणे पाठ करून शिकवलेली माणसे डॉक्टरांकडे पाठवायची, आणि डॉक्टरांनी काय विचारले व काय दिले याची नोंद ठेवायची. रोग कोणता हे आधीच ठाऊक असल्यामुळे निदान बरोबर की चूक हे निश्चित सांगता येते. अमेरिकेत अशा ६७ शिकवलेल्या रुग्णांनी आठ दूरवैद्यक कंपन्यांच्या डॉक्टरांशी ५९९ भेटी केल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निदान सुमारे ७६ टक्के भेटींत बरोबर ठरले, परंतु शास्त्रसंमत उपचार मिळाला तो केवळ ५४ टक्के भेटींत. सर्वांत चांगल्या कंपनीत हे प्रमाण ६६ टक्के होते आणि सर्वांत वाईट कंपनीत ३४ टक्के. कंपन्यांमधील एवढे अंतर घरी बसलेल्या ग्राहकाला कोणत्या खुणेने ओळखता आले असते? ते उघड झाले ते मापदंड हाती असल्यामुळे.

ही रीत आपल्या देशाला अपरिचित नाही. मुंबई आणि पाटणा या शहरांत क्षयरोगाच्या बाबतीत असाच प्रयोग झाला. प्रत्यक्ष दवाखान्यांत जाऊन केलेल्या २,६०२ भेटींपैकी सुमारे ३५ टक्के भेटींतच रुग्णाची योग्य व्यवस्था झाली, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. ही तपासणी दूरवैद्यकाची नव्हती, परंतु जी कसोटी दवाखान्याला लावता येते ती फोनवरच्या सल्ल्याला लावणे तर अधिकच सोपे आहे. औषधाच्या चिठ्ठ्यांची तज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासणी, आणि आठवड्याने रुग्णाची विचारपूस, या दोन गोष्टींची जोड दिली म्हणजे दर्जाचे चित्र बरेच स्पष्ट होईल.

या मोजमापात रुग्णाचे स्थान संपत नाही. उलट ते अधिक मानाचे होते, कारण मग आपण त्याला साक्षीदाराचेच प्रश्न विचारू. 'डॉक्टर कसे वाटले?' असे न विचारता, 'पूर्वी एखाद्या औषधाचा त्रास झाला होता काय, हे त्यांनी विचारले काय? चालू असलेली औषधे विचारली काय? दुखणे कोणत्या लक्षणावर आले म्हणजे प्रत्यक्ष दाखवावे, हे सांगितले काय? सातव्या दिवशी आपली प्रकृती कशी होती?' असे विचारू. या प्रश्नांची उत्तरे फक्त रुग्णच देऊ शकतो, आणि ती खरी असतात.

तोवर आपण सामान्य माणसांनी काय करावे? डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहावा. औषधाच्या चिठ्ठीवर तो असणे आवश्यक आहे. चांदण्या मोजण्यापेक्षा लोकांनी लिहिलेला मजकूर वाचावा. 'लगेच औषध दिले' ही स्तुती नव्हे. 'पुष्कळ प्रश्न विचारले, औषधाची गरज नाही असे सांगून कारण समजावले' ही खरी स्तुती. कमी चांदण्यांचे कारणही पाहावे. उशीर झाला म्हणून आलेला राग वेगळा, आणि तीन निरनिराळ्या माणसांनी 'आमचे ऐकूनच घेतले नाही' असे लिहिणे वेगळे. आपला स्वतःचा अभिप्राय आठवड्याने लिहावा, आणि त्यात काय घडले ते लिहावे. छातीत कळ, श्वास लागणे, शुद्ध हरपणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, अशा वेळी तर चांदण्यांचा विचारही करू नये. रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.

एकंदरीत पाहता, रुग्णांचे अभिप्राय सौजन्याची, सोयीची आणि क्वचित हेळसांडीचीही खरी खबर देतात. निदान बरोबर होते काय आणि उपचार योग्य होता काय, याविषयी त्यांच्याकडून फारच थोडे कळते. एक माहिती म्हणून त्यांचा आदर करावा, पण प्रमाणपत्र म्हणून त्यांवर विसंबू नये. १९३५ सालच्या खलाशाला निवड नव्हती, पण त्याच्यासाठी योग्य डॉक्टर नेमण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली होती. आपल्याला निवड मिळाली, म्हणून ती जबाबदारी सर्वस्वी आपल्या बोटावर ढकलून सेवा चालवणाऱ्यांना आणि शासनाला मोकळे होता येणार नाही.